दोन बैल आणि सात मते



मागच्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची अट आहे, ती पाळतो. त्या लिहितात, "आमच्या घरात सात मतं आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री मामंजी ओसरीवर बसून सांगतात, यंदा हवा अमक्याची आहे, मत वाया घालवू नका. सकाळी आम्ही सातजण एकाच ट्रॉलीत बसून जातो आणि सातही मतं एकाच चिन्हावर टाकून येतो. मागच्या खेपेला मी हळूच विचारलं, हा माणूस निवडून आल्यावर आपल्यासाठी नेमकं काय करणार? सगळे हसले. म्हणाले, सगळा गाव वेडा आणि तू एकटीच शहाणी का? भाऊ, माझं चुकलं का? आणि मी एकटीनं वेगळं मत दिलं, तर त्यानं काय होणार आहे?"

ताई, तुमचे चुकले नाही. पण नुसते एवढे लिहून तुमच्या मामंजींना ते पटायचे नाही. म्हणून आज एक गोष्ट सांगतो. ती आपल्या मुलखातली नाही, फार लांबची आहे. पण शेतकऱ्यांचीच आहे आणि खरोखर घडलेली आहे. ओसरीवर सगळे बसले असतील तेव्हा ती मोठ्याने वाचून दाखवा.

जर्मनी देशाच्या अगदी उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेला लागून श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचा प्रांत आहे. तिथले शेतकरी गुरे आणि डुकरे पाळणारे, दूधदुभत्याचे, स्वतःच्या जमिनीवर राबणारे. अडाणी मुळीच नव्हेत. शाळा गावोगाव होत्या, वर्तमानपत्र घरोघर येत होते. १९२३ साली त्या देशात अशी महागाई झाली की पैशाला कागदाची किंमत राहिली नाही. जुनी कर्जे त्यात वाहून गेली, पण गाठीला ठेवलेला पैसाही गेला. पुढे नवे चलन आले, तेव्हा बी-बियाणे, जनावरे, अवजारे घ्यायला शेतकऱ्याने जबर व्याजाने नवे कर्ज काढले. आणि १९२७-२८ पासून मालाचे भाव कोसळले. व्याज तेच, कर तेच, माल मात्र मातीमोल. लिलावाची दवंडी गावोगाव ऐकू येऊ लागली. हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

१९२८ च्या जानेवारीत त्या प्रांतात गावोगावचे मिळून लाखावर शेतकरी रस्त्यावर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाइडनफ्लेथ नावाच्या गावात कराच्या थकबाकीपोटी दोन बैल जप्त करायला माणसे आली. गावकऱ्यांनी रस्त्यात पेंढा पेटवला आणि शिंगे फुंकली. बैल बुजले, माघारी फिरले आणि थेट आपल्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. जप्तीवाले हात हलवत परत गेले.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून छाती फुगते. फुगायलाच पाहिजे. त्या शेतकऱ्यांचा राग खरा होता, दुखणे खरे होते. गर्दी जमली की ती वाईटच असते, असे मी म्हणत नाही. एकट्याचे ऐकत नाहीत म्हणून तर दहाजण एकत्र येतात.

पण खऱ्या दुखण्याभोवती वैदूही जमतात. तसा एक पक्ष तिथे टपून होता. त्याचा पुढारी होता अ‍ॅडॉल्फ हिटलर. १९२८ च्या निवडणुकीत या पक्षाला सबंध देशात शंभरातली तीन मतेसुद्धा मिळाली नव्हती. शहरात डाळ शिजत नाही हे पाहून त्याने खेड्यांकडे मोर्चा वळवला.

एक अडचण होती. त्या पक्षाच्या १९२० च्या जाहीरनाम्यात सतरावे कलम असे होते की, लोकहितासाठी जमीन मोबदला न देता काढून घेता येईल. शेतकरी हे वाचून दचकणारच. मग १९२८ च्या एप्रिलमध्ये हिटलरने खुलासा केला, की हे कलम तुमच्यासाठी नाही, ते जमिनीचा सट्टा करणाऱ्या ज्यू कंपन्यांसाठी आहे. कलम खोडले नाही. फक्त ते दुसऱ्यावर आहे, असे सांगितले. आणि शेतकऱ्याने ते ऐकून सुस्कारा टाकला.

ताई, इथे जरा थांबा. ज्या कायद्याने शेजाऱ्याचे घर विनामोबदला घेता येते, त्याच कायद्याने आपलेही घेता येते. फक्त पाळी यायची असते.

पुढची व्यवस्था मोठी चोख होती. वक्ते तयार करण्यासाठी पक्षाने टपालाने चालणारी शाळा काढली. तिथून हजारो वक्ते भाषणे पाठ करून बाहेर पडले. खेड्यात गेले की कर्जाचे आणि भावाचे बोलायचे, शहरात गेले की कामगाराच्या भाकरीचे. धान्य महाग विकले जाईल असे इकडे सांगायचे आणि भाकरी स्वस्त मिळेल असे तिकडे. दोन्ही सभांना हजर राहणारा माणूस नसतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९३० पासून डारे नावाच्या शेतीतज्ज्ञाने गावागावात आपला एकेक माणूस पेरला. तो परका नव्हता, गावातलाच चांगला शेतकरी होता. त्याने जे सांगितले ते प्रचार वाटले नाही, सोयऱ्याचा सल्ला वाटला. १९३२ साली तर हिटलर विमानातून फिरत एका दिवसात तीन-तीन, चार-चार शहरांत सभा घेऊ लागला. त्या काळी विमान ही नवलाची गोष्ट. भाषणात काय आहे यापेक्षा आभाळातून कोण उतरतो, हे बघायला माणसे लोटत.

आणि सगळ्या दुखण्यांना एकच औषध. भाव पडले, कुणामुळे? ज्यूंमुळे. कर्ज झाले, कुणामुळे? ज्यूंमुळे. वास्तविक भाव सगळ्या जगातच पडत होते. पण त्याचा हिशेब मांडायला तासभर लागतो आणि शत्रूचे नाव घ्यायला एक शब्द पुरतो.

आता मते बघा. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये १९२८ साली या पक्षाला शंभरात चार मते होती. १९३० साली सत्तावीस झाली. जुलै १९३२ मध्ये एक्कावन्न. अख्ख्या जर्मनीत त्या वेळी सदतीस होती. म्हणजे बाकी देशाने अजून निम्मेही माप घातले नव्हते, तेव्हा बैल सोडवून आणणाऱ्या या प्रांताने अर्ध्याहून जास्त मते ओतली.

पुढे काय झाले? ३० जानेवारी १९३३ ला हिटलर मुख्य प्रधान झाला. मार्चमध्ये संसदेने स्वतःचेच अधिकार त्याच्या हाती दिले. १४ जुलैला बाकी सारे पक्ष कायद्याने बंद. सहा महिन्यांत खेळ आटोपला.

शेतकऱ्याला काय मिळाले, तेही प्रामाणिकपणे सांगतो. पहिली दोन-तीन वर्षे भाव सावरले, लिलावांना आळा बसला. लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! पण १९३३ च्या सप्टेंबरातच दोन कायदे आले होते. एकाने शेतकऱ्यांच्या सगळ्या संघटना मोडून एकाच सरकारी संस्थेत कोंबल्या. काय पिकवायचे, कुठे घालायचे, कोणत्या भावाने द्यायचे, हे ती ठरवू लागली. दुसरा कायदा मध्यम शेतकऱ्याच्या जमिनीचा होता. ही जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही. वारस एकच, तोही शक्यतो मुलगा. लेकी मागे ढकलल्या गेल्या. ज्यू माणसाला तर शेतकरी म्हणवून घ्यायचीच बंदी. आणि नीट शेती करत नाही असे ठरले, तर मालकाच्या हातून कारभार काढून घ्यायचा अधिकार कोर्टाला. सतरावे कलम दुसऱ्यावर आहे असे समजून झोपलेल्या माणसाच्या उशाशी ते असे येऊन बसले.

आणि आता पेंढा पेटवायची सोय उरली नव्हती. दोन बैलांसाठी सरकारला अडवणारी माणसे स्वतःच्या जमिनीसाठी तोंड उघडू शकत नव्हती. १९३९ साली युद्ध सुरू झाले. १९४५ साली संपले, तेव्हा पन्नास लाखांवर जर्मन सैनिक मेले होते. त्यांत शेतकऱ्यांची पोरे किती असतील! साठ लाख ज्यू माणसे, बायका-लेकरांसह, ठार केली गेली होती. भाव पडल्याचा दोष ज्यांच्यावर ढकलला, तेच हे लोक. आणि श्लेस्विग-होल्स्टाइनच्या गोठ्यांत, माळ्यांवर पूर्वेकडून पळून आलेली दहा लाखांवर निर्वासित माणसे आसरा शोधत होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना कळले कसे नाही? त्याचे उत्तर आपल्याच शिवारात आहे. गेल्या साली कांद्याला भाव आला की यंदा सगळे शिवार कांदा लावते. प्रत्येकाला आतून कळत असते की सगळ्यांनी लावला तर भाव पडणार. तरी हात कांद्याकडेच जातो. चुकलो तर सगळ्यांबरोबर चुकलो, याचे दुःख वाटत नाही. एकट्याने चुकल्याचे मात्र गावात हसे होते.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९५१ च्या सुमारास याचीच परीक्षा घेतली. सात-आठ जणांना एका खोलीत बसवून रेघा दाखवायच्या आणि लांबीने कोणती कोणत्या रेघेएवढी आहे ते विचारायचे. लहान पोरालाही सांगता येईल इतके सोपे. पण एक सोडून बाकी सगळे पढवून आणलेले. ते ठरवून चूक उत्तर देत. चारांपैकी तीन माणसांनी निदान एकदा तरी, डोळ्यांना खरे दिसत असताना, गर्दीचे खोटे उत्तर दिले. एकूण उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश अशी चुकली.

आता यातली माझी आवडती गोष्ट ऐका. त्या पढवलेल्यांमध्ये फक्त एक माणूस खरे उत्तर देणारा बसवला, तर चुकणारी उत्तरे शंभरात पाच-सहांवर आली. गर्दी तेवढीच होती. पण आपल्यासारखे दिसणारे आणखी कुणी आहे, एवढ्यानेच माणसाला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचे बळ आले.

ताई, तुमच्या घरात तो एक माणूस तुम्ही आहात. तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा सगळे हसले खरे. पण हसणाऱ्यांत एखादी जाऊ, एखादा दीर असा असेल, ज्याला तोच प्रश्न पडला होता. एका मताने काय होणार, असे तुम्ही विचारता. मत एकच राहील, पण विचारलेला प्रश्न एकटा राहत नाही.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो. १९७७ साली मार्चमध्ये देशात निवडणूक झाली. त्याआधी दीडेक वर्ष वर्तमानपत्रांवर बंधने होती आणि आकाशवाणी तर सरकारचीच. तरी खेड्यापाड्यांतल्या माणसांनी, विशेषतः उत्तरेत, गाजावाजा न करता सरकार बदलले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पडल्या. आणि १९८० साली याच देशाने त्यांना पुन्हा सत्तेवर बसवले. कोण बरोबर आणि कोण चूक, हा वाद इथे नको. सांगायचे ते एवढेच, की दोन्ही वेळा मतदाराला आपले मन बदलता आले. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या शेतकऱ्याच्या हातून नेमके हेच गेले.

म्हणून उमेदवार कुठलाही असो, पक्ष कुठलाही असो, ओसरीवर चार प्रश्न मांडा. आपले दुखणे हा बोलतो आहे, की आपल्या दुखण्याला दुसऱ्याचे नाव चिकटवतो आहे? इथे एक आणि तिथे दुसरे सांगतो का? त्याला जाब विचारणाऱ्या माणसाशी तो कसा वागतो? आणि चौथा, सगळ्यांत मोठा प्रश्न: आपण चुकलो, तर पाच वर्षांनी याला खाली उतरवता येईल ना?

बघायची सोयही आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, खटले सगळे लिहिलेले असते. घरातल्या कॉलेजच्या पोराला ते मोबाईलवर काढायला सांगा. त्याच मोबाईलवर आलेला संदेश मात्र, तो सोयऱ्याने पाठवला म्हणून खरा मानू नका. सोयऱ्याला तो कुणी पाठवला, हे त्यालाही ठाऊक नसते. मतदान संपण्याआधी अठ्ठेचाळीस तास जाहीर प्रचार बंद ठेवतात, तोही उगीच नव्हे. कर्णे गप्प झाल्यावर माणसाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ते दोन दिवस आहेत.

राहता राहिली भीती. यंत्रातून केंद्रावरची एकूण मते कळतात, पण तुम्ही कोणते बटण दाबले हे मामंजींना, मालकांना, सरपंचांना, कुणालाही कळत नाही. त्या पडद्याआड तुम्ही कुणाची सून नसता आणि कुणाची बायको नसता.

आणि मामंजी, तुम्हीही हे ऐकत असाल, तर एक विनंती. बैल घेताना तुम्ही दात बघता, खांदा बघता, औताला जुंपून चालवून बघता. बाजारात हवा कोणत्या बैलाची आहे, असे विचारून दावे हातात घेत नाही. सूनबाईंनी त्या रात्री एवढेच तर विचारले होते. पुढच्या खेपेला त्या बोलतील तेव्हा हसू नका, ऐका. सातही मते एकाच चिन्हावर पडली तरी हरकत नाही. ती सात डोक्यांतून निघालेली असावीत.

रामराम. पत्रे पाठवत राहा.