मूत्राशयाचे रक्षण : कॅप्सूलने की तत्परतेने?

अँटिऑक्सिडंट या शब्दाला अलीकडे मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. प्रोस्टेटच्या त्रासाने आलेल्या वृद्धाच्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत अशी एखादी कॅप्सूल लिहिली जाते. 'फायदा झाला तर झाला, अपाय तर नाही ना', ही त्यामागची भावना असते. ही भावना तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

या उपचारामागील शास्त्रीय कल्पना भक्कम आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेले, अथवा अडथळ्याविरुद्ध त्याला वारंवार जोराने आकुंचन पावावे लागले, की त्याच्या भिंतीतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ऑक्सिजनअभावी पेशींतील एटीपीचे विघटन होऊन हायपोझँथिन साठते. मूत्राशय रिकामे होताच रक्त परतते. परंतु त्यासोबत आलेल्या ऑक्सिजनपासून झँथिन ऑक्सिडेजच्या क्रियेने सुपरऑक्साइड तयार होते. जो मैकॉर्ड यांनी 1985 साली ही प्रक्रिया विशद केली होती. रक्त थांबल्याने झालेल्या हानीत रक्त परतल्याने भर पडते, असा हा विचित्र न्याय आहे. त्यात स्नायूंपेक्षाही चेतातंतू लवकर दुखावतात आणि आकुंचनशक्ती कायमची मंदावू शकते.

अमेरिकेत रॉबर्ट लेविन यांच्या गटाने सशांचा मूत्रमार्ग अंशतः आवळून प्रयोग केले. कोएन्झाइम क्यू-टेन व अल्फा लिपोइक आम्ल दिलेल्या सशांत मूत्राशयाचे कार्य अधिक चांगले टिकले. हे निष्कर्ष मोलाचे आहेत. मात्र अशा प्रयोगांत संरक्षक द्रव्य बहुधा इजेपूर्वीच सुरू केलेले असते. आपला रुग्ण येतो तो वर्षानुवर्षे अडथळा सोसून. सशावरील यशाला रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांची जोड मिळेपर्यंत ते आश्वासनच राहते.

आणि 'अपाय तर नाही' हे तरी खरे आहे काय? फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या 1994 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. 'सिलेक्ट' या चाचणीत 35 हजारांहून अधिक पुरुष सहभागी होते. तिच्या 2011 सालच्या अहवालानुसार, रोज 400 युनिट ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढला. ज्या वयाच्या पुरुषाला आपण ही कॅप्सूल सहज लिहून देतो, त्याच वयोगटातील हा अनुभव आहे! शिवाय तिची किंमत त्याच्या निवृत्तिवेतनातून जाते, ती वेगळीच.

मग मूत्राशय वाचवावयाचे कसे? रक्तपुरवठा तुटूच न देणे, हा त्याचा सरळ मार्ग. 'लघवी थेंब थेंब गळते' अशी तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाला केवळ वार्धक्याचा दोष म्हणून परत पाठवू नये. ओटीपोटावर हात ठेवावा, ठोकून पाहावे. तुडुंब भरलेले मूत्राशय अशा तक्रारीआड लपलेले असते. बाळंतपणानंतर व पाठीत भूल दिल्यानंतर संवेदनाच हरपते. रुग्णाची तक्रार नसते आणि मूत्राशय ताणत राहते. अशा रुग्णाला लघवी केव्हा व किती झाली, याची नोंद परिचारिकेकडून घेतली जातेच, असे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकतो काय?

कॅथेटर घातल्यावर थोडी लघवी काढून नळी चिमट्याने बंद ठेवण्याची जुनी प्रथा अनेक ठिकाणी चालू आहे. सावकाश रिकामे केल्याने रक्तस्राव वा रक्तदाबाची घसरण टळते, या समजुतीला यादृच्छिक चाचण्यांत आधार मिळालेला नाही. मूत्राशय विनाकारण ताणलेले ठेवू नये. त्यानंतर होणाऱ्या अतिमूत्रतेवर व क्षारांवर मात्र लक्ष ठेवावे.

संशोधन पुढे जावे. उद्या एखादे द्रव्य खरोखर सिद्ध झाले, तर त्याचे स्वागतच करू. तोवर चिठ्ठीवरील ती शेवटची ओळ आपण गाळावी, आणि तेवढा वेळ रुग्णाच्या ओटीपोटाच्या तपासणीस द्यावा, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती.