गाडी उलाळ होऊ नये म्हणून

जुन्या वस्तूंचा नाद हा एकंदरीत निरुपद्रवी नाद आहे. कुणी शिवराई पैसे जमवतो, कुणी समया, कुणी नुसते अडकित्ते. अडकित्ता हातातून निसटला तर फार तर पायावर पडेल, आणि तोही बहुधा मालकाच्याच. जुन्या मोटारीच्या नादाचे मात्र तसे नाही. ती वस्तू कपाटात राहत नाही, रस्त्यावर जाते. रस्त्यावर आपल्यासारखी आणखी माणसे असतात, त्यांची मुलेबाळे असतात. अशा मोटारीच्या मागे आणखी एक चाकांचे ओझे जोडले, की नाद मालकाचा आणि धोका सर्वांचा अशी स्थिती होते.

दर आठवड्याला या पानावर आपण एखाद्या शब्दाचा माग काढतो. आज दिवाळीनिमित्त जागा ऐसपैस मिळाली आहे. तेव्हा शब्दाबरोबर थोडे ओझेही वाहून नेऊ. शब्द आहे 'उलाळ', आणि ओझे आहे अमेरिकेतले.

अमेरिकेत जुने पिकअप ट्रक नवेकोरे करून वापरण्याची मोठी हौस आहे. पुढे दोघातिघांना बसण्याची केबिन आणि मागे उघडा हौदा, असे हे वाहन. त्यांत विशेष लाडके म्हणजे शेव्हर्ले कंपनीचे १९४७ ते १९५५ या काळातले गोल गालांचे ट्रक आणि फोर्ड कंपनीचे १९४८ पासूनचे 'एफ' मालिकेतले ट्रक. शेतावर राबून, गंजून, कुठल्याशा गोठ्यामागे पडलेली अशी गाडी माणसे उचलून आणतात. तिचा पत्रा ठोकतात, इंजिन उघडतात, मूळचा रंग शोधून काढतात. दोनतीन वर्षांनी ती अशी चकाकते की कारखान्यातून सुद्धा इतकी देखणी निघाली नसेल. मग साहजिकच मनात येते, की हिच्यामागे एखादा ट्रेलर जोडावा. ट्रकच तो; ओढण्यासाठीच तर जन्मला!

माझ्या भाच्याच्या मनात हेच आले. तो पेनसिल्व्हानियात असतो आणि त्याने १९५१ सालचा शेव्हर्ले ट्रक तीन वर्षे खपून उभा केला आहे. घर बदलायचे होते, वाट डोंगराळ होती. त्याने ट्रेलर भरला. पुस्तकांची खोकी पुढे आणि बिडाची जड शेगडी सर्वांत मागे, कारण नव्या घरी तीच प्रथम उतरवायची होती. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. बिऱ्हाड हलवणारा कोणीही असाच विचार करील. नेमके त्या वेळी त्याचे आईवडील, म्हणजे माझी ताई आणि भावोजी, तेथे गेले होते. भावोजींचे बालपण सांगलीकडच्या खेड्यात गेले. त्यांनी ट्रेलरला एक प्रदक्षिणा घातली, पुढची दांडी हाताने उचलून पाहिली, आणि म्हणाले, "ही गाडी उलाळ आहे. मी हिच्याबरोबर येणार नाही, आणि तूही जायचे नाहीस."

लगेच मला फोन आला. "मामा, उलाळ म्हणजे काय हो? बाबा नुसते उलाळ, उलाळ म्हणताहेत आणि शेगडी उतरवायला लागले आहेत."

"त्यांना उतरवू दे," मी म्हटले. "अर्थ मागाहून सांगतो."

अर्थ असा. बैलगाडीच्या साटीत ओझे आसाच्या मागे जास्त झाले, तर गाडी मागे कलते, दांड्या वर उचलल्या जातात आणि जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते. या स्थितीला म्हणायचे गाडी उलाळ झाली. उलट ओझे फार पुढे आले, तर सारा भार बैलांच्या मानेवर पडतो. जाणता गाडीवान पोती रचताना मागेपुढे सरकवून असा मेळ साधतो, की जुवावर थोडासा, बैलाला सोसेल इतकाच भार राहावा. अगदी शून्य नको, फार नको. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. ती एका शब्दात साठवलेली होती. भावोजींना तो शब्द ठाऊक होता, म्हणून धोका दिसला. भाच्याला ठाऊक नव्हता, म्हणून त्याला फक्त शेगडी दिसली.

आता हीच गोष्ट अमेरिकन कशी सांगतात ते पाहा. ट्रेलरच्या पुढच्या दांडीला ते 'जीभ' म्हणतात, आणि नियम असा सांगतात, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ इतके वजन जिभेवर आले पाहिजे. ट्रेलर भरून २००० पौंडांचा झाला, तर जिभेवर २०० ते ३०० पौंड. त्यासाठी सामानापैकी सुमारे ६० टक्के वजन चाकांच्या पुढच्या बाजूस ठेवावे. म्हणजे आपल्या गाडीवानाने जे मानेने मोजले, तेच त्यांनी काट्याने मोजले.

हे वजन घरच्या घरी मोजण्याची युक्तीही मजेदार आहे. न्हाणीघरातला वजनकाटा २००–३०० पौंड दाबाखाली कदाचित मोडेल. म्हणून एक मजबूत फळी घ्यावी. तिचे एक टोक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, मधले अंतर तीन फूट. ट्रेलरची जीभ ठोकळ्यापासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवावी. काटा जो आकडा दाखवील, त्याची तिप्पट म्हणजे जिभेवरचे वजन. शाळेत तरफेचा धडा शिकलो तो असा कामी येतो. मात्र हे वजन ट्रकच्या पाठीवरचेच ओझे आहे, हे विसरू नये. भाच्याचा ट्रक 'अर्धा टनी' जातीचा. हौद्यातले सामान, केबिनमधली माणसे आणि ट्रेलरची जीभ या सर्वांचा हिशेब एकत्रच करायचा.

जीभ हलकी राहिली तर काय होते? ट्रेलर ट्रकची मागची बाजू वर उचलू पाहतो, मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल होते, आणि एखादा वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला मोठा मालट्रक एवढे निमित्त पुरून ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. वेग जितका अधिक, तितका हेलकावा मोठा. शेवटी ट्रेलर ट्रकला ओढून नेतो; शेपूट कुत्र्याला हलवते म्हणा ना. अशा वेळी घाबरून ब्रेकवर पाय दाबणे किंवा चाक गरगर फिरवणे हे दोन्ही घातक. सुकाणूचे चाक सरळ धरावे, वेगाची कळ हळूहळू सोडावी, आणि ट्रेलरला स्वतंत्र विजेचे ब्रेक असतील तर तेवढेच हाताने अलगद लावावेत. मग थांबून सामान नीट रचावे. नशिबाने वाचलो म्हणून तसेच पुढे जाऊ नये.

येथपर्यंतचे नियम नव्याजुन्या सर्व गाड्यांना लागू. जुन्या गाडीची मेख पुढेच आहे. भाच्याच्या ट्रकचे इंजिन सहा सिलिंडरचे, २१६ घनइंचांचे आणि सुमारे ९० अश्वशक्तीचे. ओढायला तेवढी ताकद हळूहळू का होईना पुरते. पण ओढणे हा अर्धाच प्रश्न आहे. खरा प्रश्न थांबण्याचा. या ट्रकला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत, आणि त्या चारांचा प्राण एकाच नळीव्यवस्थेत आहे. कुठे एका जागी तेल गळले, की चारही ब्रेक एकदम जातात. मागच्या आणि पुढच्या चाकांची व्यवस्था वेगळी ठेवण्याची पद्धत अमेरिकन गाड्यांत सर्रास झाली ती १९६७-६८ च्या सुमारास. त्यातून ड्रम तापले, की ब्रेकचा जोर मावळतो. लांब उतारावर पाय सारखा ब्रेकवर ठेवला तर पायाखाली सारे असून नसल्यासारखे होते. ताशी ४० मैलांऐवजी ६० मैलांनी गेलो, तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. ट्रेलरमुळे वजन वाढले, की तीही त्याच प्रमाणात वाढते.

म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे हे उत्तम. अमेरिकेत राज्याराज्यांचा कायदा निराळा. अनेक ठिकाणी ३००० पौंडांच्या वर ते सक्तीचे आहेत. पण जुन्या ट्रकवाल्याने कायद्याची वाट पाहू नये. विजेच्या ब्रेकला बारा व्होल्ट लागतात, आणि १९५१ च्या ट्रकची वीज मुळात सहा व्होल्टची. अशांच्या सोयीचे दुसरे ब्रेक असतात: ट्रक थांबू लागला की ट्रेलर पुढे रेटतो, आणि त्या रेट्यानेच ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. उतारावर मध्येच पहिला गिअर टाकू म्हटले, तर या जुन्या तीन गिअरांच्या पेटीत तो चालत्या गाडीत सहजासहजी पडत नाही.

जोडणीचे पाहावे. ट्रकच्या मागे लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या जिभेला त्यावर बसणारी वाटी. गोळे मुख्यतः तीन मापांचे: १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. दोन इंची वाटी लहान गोळ्यावर बसते, बसल्यासारखी वाटते, आणि पहिल्या खड्ड्याला उडते. गोळा ट्रकच्या पोलादी सांगाड्याला जोडलेला हवा, शोभेच्या बंपरला नव्हे. ७० वर्षांच्या सांगाड्याला आतून गंज आहे का हेही ठोकून पाहावे. दोन साखळ्या जिभेखालून फुलीसारख्या बांधाव्यात, म्हणजे वाटी सुटलीच तर जीभ साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

दिव्यांचेही तसेच. त्या काळच्या ट्रकला मागे बहुधा डावीकडे एकच तांबडा दिवा, आणि वळणाची खूण हाताने करायची. मागे ट्रेलर आला, की तो हातही दिसत नाही. तेव्हा ट्रेलरला दोन्ही बाजूंचे दिवे आणि वळणाचे दिवे असलेच पाहिजेत. टायर नक्षीने चांगले दिसले तरी वयाने म्हातारे असू शकतात. आणि निघाल्यावर पहिल्या २०–२५ मैलांवर एकदा थांबून चाकांच्या चाक्या, साखळ्या आणि दोर हाताने तपासावेत.

येथे जुन्या वस्तूंचा दर्दी म्हणेल, "दुहेरी ब्रेक, पट्टे, बारा व्होल्ट, असे सगळे घातल्यावर मूळ गाडी राहिली कुठे?" हा प्रश्न मला अपरिचित नाही. आम्ही मराठीचे लोक जुन्या पोथीतले अक्षरही बदलू देत नाही. लेखनिकाने चूक केली असेल तर ती तशीच ठेवून तळाशी टीप देतो. पण पोथी कपाटात राहते. तिच्या चुकीने कोणाचा प्राण जात नाही. गाडीला तळटीप देता येत नाही. तेव्हा माझे मत असे, की गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल तर तिचा खिळाही बदलू नये. रस्त्यावर न्यायची असेल तर ब्रेक, दिवे आणि पट्टे आजचे असावेत. आणि मूळ रूप मोडवत नसेल, तर ओझे ओढायचे काम दुसऱ्या गाडीला द्यावे. म्हाताऱ्या माणसाला आपण मानाने पाटावर बसवतो. त्याच्या डोक्यावर पोते देत नाही.

भाच्याने शेगडी चाकांच्या किंचित पुढे घेतली, जीभ फळीवर तोलली, आणि तरीही दोनदा जाऊन अर्धे अर्धे सामान नेले. भावोजी दोन्ही खेपांना शेजारी बसले. ताई मात्र मागून दुसऱ्या मोटारीने गेली. तिचा विश्वास मुलावर होता, १९५१ सालावर नव्हता.

आपणांपैकी फारच थोड्यांच्या दारात असा ट्रक असेल. पण दिवाळीच्या आसपास आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या ऊस घेऊन निघतात. सुट्टीत गावी जाताना आपली मोटार त्यांच्या मागेपुढे असणारच. ओझे ओढणारे वाहन आपल्याइतक्या चटकन थांबू शकत नाही, म्हणून त्याला ओलांडून लगेच त्याच्या पुढ्यात शिरू नये. ट्रॉली डुलताना दिसली, तर ती ओलांडण्याची घाई करू नये. आणि रात्री मागचा दिवा किंवा चकाकती पट्टी नसलेली ट्रॉली अंधारात उभी असू शकते, हे धरूनच वेग ठेवावा.

घरात एखादे वडीलधारे माणूस गाडीभोवती फेरी मारून जुना, न समजणारा शब्द उच्चारील, तर त्याचा अर्थ मागाहून कोशात पाहावा. आधी सामान उतरवावे.