अंगणातील वृद्ध वृक्ष
दादरच्या जुन्या वसाहतींत ज्यांच्या छायेखाली दोन-तीन पिढ्या वाढल्या, ते विलायती शिरीष आता वृद्ध झाले असून, मृगाच्या तोंडावर त्यांचा शेंडाच उडवून टाकणे म्हणजे बंदोबस्त, ही जी समजूत रूढ झाली आहे, ती मला अत्यंत क्लेशदायक वाटते. फांदी जेथे खोडातून फुटते तेथे सालीची एक सुरकुतलेली, फुगीर कड असते. तिच्या किंचित बाहेरून काप घेतला तर तीच कड वर्षानुवर्षे आत सरकत जखम बुजवते, पण ती कड कापली गेली, अथवा लांब खुंट मागे राहिला, की पाणी मुरते, बुरशी शिरते, आणि काही पावसाळ्यांनी त्या जागी पंख्याच्या आकाराची कठीण भूछत्रे दिसू लागतात. ढोलीत सिमेंट भरणे हाही अपायच. ओल आतच कोंडते. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या झाडांना वारसा-वृक्षाचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट खरी; परंतु आमच्या फाटकाजवळच्या शिरीषाला त्याहून मोलाची वाटली असेल ती बुंध्याला भिडलेली फरशी उखडून आम्ही मोकळी केलेली हातभर माती, जिच्यात या आषाढात पाणी साचले नाही, जिरले.