परवान्याचे निलंबन : शिक्षा कोणाला आणि किती?

दंड आणि वाहन चालविण्याच्या परवान्याचे निलंबन या दोन शिक्षांपैकी दुसरी अधिक न्याय्य, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. दंड पैशात मोजला जातो आणि पैसा सर्वांजवळ सारखा नसतो. एकाचा चहापाण्याचा खर्च तो दुसऱ्याचा दिवसाचा रोज असतो. ही अडचण ओळखूनच फिनलंडने १९२१ पासून दंडाची रक्कम गुन्हेगाराच्या उत्पन्नाशी जोडली. काळाच्या बाबतीत मात्र अशी जोडणी करण्याची गरज भासत नाही, कारण तीन महिने हे सर्वांचे तीन महिनेच असतात. म्हणून परवाना काढून घेणे ही गरीब-श्रीमंत भेद न करणारी शिक्षा आहे, असा या व्यवस्थेमागचा विचार दिसतो.

वस्तुतः हा विचार अर्धाच खरा आहे. ज्याच्या दारात मोटार उभी आहे आणि ती हाकण्यास पगारी माणूस आहे, त्याचा परवाना निलंबित झाला तर तो पुढच्या आसनावरून मागच्या आसनावर जातो, एवढेच. उलट रिक्षाचालक, मालमोटारीचा चालक किंवा दुचाकीवरून घरोघर माल पोहोचविणारा तरुण यांच्या बाबतीत परवाना हे उत्पादनाचे साधनच आहे. सुताराची करवत जप्त करावी तसा हा प्रकार होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शिक्षेचा कालावधी समान असला तरी तिची किंमत समान नसते, आणि बोजा उत्पन्नाच्या उलट्या प्रमाणात पडतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९ अन्वये परिवहन कार्यालयास, आणि कलम २० अन्वये न्यायालयास, चालकाला अपात्र ठरविता येते. मद्यप्राशन करून वाहन चालविल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास न्यायालयाने किमान सहा महिने परवाना रोखलाच पाहिजे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना निर्देश दिले की अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, चालविताना भ्रमणध्वनीवर बोलणे, मद्यपान, जादा भार वाहणे आणि मालवाहू गाडीत माणसे बसविणे या गुन्ह्यांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक अट घातली. निलंबनाची मुदत संपली तरी उजळणीचे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना परत मिळत नाही.

या तरतुदींना विरोध करण्याचे कारण नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. मृतांमध्ये दुचाकीस्वार आणि पादचारी यांचाच भरणा अधिक, म्हणजे मरणाराही बहुधा गरीबच असतो. २००६ साली वांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर भरधाव मोटार पदपथावर चढली आणि तेथे झोपलेले सात मजूर ठार झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने चालकाची जी शिक्षा कायम केली ती तीन वर्षांची होती. तेव्हा चालकाची कीव करताना पदपथावर झोपणाऱ्याचा विसर पडता कामा नये. माझा आक्षेप कठोरपणाला नाही, तो कठोरपणा कोणाच्या वाट्याला येतो त्याबद्दल आहे.

निलंबन झाल्यावर ज्याचे पोट त्या परवान्यावर आहे तो काय करतो? तो गाडी चालवितच राहतो. घरभाडे, मुलांची फी आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता तीन महिने थांबत नाहीत. येथून प्रश्नाचे स्वरूप पालटते. सिग्नल मोडणे हा किरकोळ अपराध होता. अपात्र असताना वाहन चालविणे हा कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र असलेला गुन्हा आहे. २०१९ पूर्वी याच गुन्ह्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. याच काळात दुर्दैवाने अपघात होऊन कोणी दगावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली खटला उभा राहतो. जुन्या दंडसंहितेत ज्या निष्काळजीपणाला दोन वर्षे होती, त्याला १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांपर्यंतची कैद आहे.

विम्याचे संकट याहून निराळे आणि कमी परिचित. विम्याच्या करारात चालकाजवळ परवाना असावा आणि तो अपात्र ठरलेला नसावा, अशी अट असते. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातील निर्णयानुसार अटीचा भंग झाला तरी मृताच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे देण्यास सांगू शकते. पण मालकाने जाणूनबुजून अट मोडली असेल तर कंपनीला ती रक्कम त्याच्याकडून वसूल करता येते. ज्याची स्वतःची एकच रिक्षा आहे त्याच्या बाबतीत मालक आणि चालक एकच. लाखांच्या भरपाईखाली असे कुटुंब पुन्हा उभे राहत नाही.

हे सारे टाळण्याची पहिली संधी सुनावणीच्या वेळी असते. कलम १९ प्रमाणे परवानाधारकाचे म्हणणे ऐकून घेणे आणि निलंबनाची कारणे लेखी नोंदविणे बंधनकारक आहे. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. पण एका तारखेसाठी एक दिवसाचा रोज बुडतो, वकिलाचा खर्च वेगळा. म्हणून माणूस हिशेब करतो आणि गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळा होतो. त्या कबुलीच्या पोटी परवाना जाऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वर्गात आम्ही ज्याला अपूर्ण माहितीचा बाजार म्हणतो त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. संविधानात १९७६ साली आलेले कलम ३९-अ मोफत कायदेविषयक साहाय्याचे आश्वासन देते, १९८७ चा कायदाही त्यासाठीच आहे. पण त्या वकिलाचे टेबल परिवहन कार्यालयाच्या खिडकीशेजारी मांडले जात नाही.

परवाना म्हणजे सरकारची मेहेरबानी, असे मानणाऱ्यांसाठी दोन निकालांची आठवण देतो. मुंबईच्या पदपथावरील झोपडीवासीयांच्या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे म्हटले. त्याआधी १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जॉर्जिया राज्यातील एका धर्मोपदेशकाचे प्रकरण आले होते. त्याला तीन खेड्यांत मोटारीनेच जावे लागे. अपघातानंतर तारण भरता आले नाही म्हणून, दोष कोणाचा हे न पाहताच, परवाना निलंबित करण्याचे ठरले. दिलेला परवाना पोटापाण्याशी जोडला जातो, म्हणून अशी चौकशी आधी झाली पाहिजे, असा न्यायालयाने निर्णय दिला. तरीही त्या देशातील अनेक राज्ये निव्वळ दंड थकला म्हणून परवाने रोखीत राहिली. कॅलिफोर्नियाने ती प्रथा २०१७ साली सोडली. परवान्याविना कामावर जाता येत नाही, आणि कामावर गेल्याविना दंड भरता येत नाही, हे कळायला एवढी वर्षे लागली.

आता सर्वांत खटकणारी बाब, जादा भाराची. मालमोटारीत किती टन भरायचे हे चालक ठरवीत नाही. ते मालक ठरवितो, माल पाठविणारा व्यापारी ठरवितो. चालकाने नकार दिला तर गाडी दुसऱ्याच्या हाती जाते. जादा टनांचा नफा एकाच्या खिशात आणि त्यासाठीचे निलंबन दुसऱ्याच्या माथी, अशी विभागणी असेल तर शिक्षेमुळे भार कमी कसा होणार? निर्णय घेणाऱ्यापर्यंत शिक्षेची किंमत पोहोचली तरच त्याचा निर्णय बदलतो. येथे किंमत वाटेतच अडते, कारण एक चालक गेला की तीन महिन्यांसाठी दुसरा मिळतो.

शासनाला नवा कायदा करावा लागणार नाही. मद्यपी आणि बेदरकार चालकाला कोणतीही सवलत नसावी. इतर गुन्ह्यांत मात्र पहिल्या वेळी निलंबनाऐवजी उजळणीचे प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि सुनावणीची नोटीस साध्या मराठीत, कबुलीच्या परिणामांसह द्यावी. जादा भाराबाबत, दंड गाडी चालविणाऱ्याइतकाच ती चालवू देणाऱ्यालाही लागू आहे आणि वाहनाचे परमिट निलंबित करण्याचा अधिकार कलम ८६ मध्ये पहिल्यापासून आहे. चालकाचा परवाना ज्या दिवशी जमा होतो, त्याच दिवशी त्या गाडीच्या परमिटचा कागदही परिवहन अधिकाऱ्याच्या मेजावर यावा.