स्विचचा आयपी तुमच्या वहीत आहे का?



दुकान सुरू करताना आपण गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, स्टॉक सगळं पै-पै मोजून करतो. नेटवर्कचं काम आलं की मात्र "तो पोरगा बघेल" म्हणून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, हे परवडणारं नाही. आणि हे मी हात पोळल्यावर सांगतोय.

दुकान वाढवलं तेव्हा मी लेयर ३ चा मॅनेज्ड स्विच घेतला. टेक्निशियनने दोन व्हीलॅन केले, बिलिंगला १० आणि कॅमेऱ्यांना २०. त्या दोन इंटरफेसना आयपी दिले १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.२०.१. काही महिने झकास चाललं. मग ऐन सणाच्या आदल्या संध्याकाळी लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला. लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाले, पण ऑनलाइन बिलिंग काही उघडेना.

कारण काय? सेटिंग केलं होतं, सेव्ह केलं नव्हतं! अशा स्विचमध्ये चालू सेटिंग वेगळं आणि सेव्ह केलेलं वेगळं असतं. रीस्टार्ट झाला की सेव्ह न केलेलं गेलं. बिलिंगचे पीसी १०.१ हा गेटवे शोधत बसले आणि तो आयपीच जागेवर नव्हता. टेक्निशियनचा फोन बंद. दोन तास हाताने बिलं फाडली, कितीतरी गिऱ्हाईक परत गेलं. चूक त्याची, पण नुकसान माझं.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली, गरज नसताना लेयर ३ घेऊ नका. दहा-पंधरा डिव्हाइसच्या दुकानाला साधा लेयर २ चा मॅनेज्ड स्विच पुरतो. त्यात प्रत्येक पोर्टला आयपी द्यायचा नसतो. व्हीलॅन इंटरफेसला एकच आयपी देतात, तोही स्विचमध्ये लॉगिन करण्यापुरता. तो चुकला तरी त्याच नेटवर्कमधलं काम चालू राहतं. लेयर ३ घेतलाच, तर प्रत्येक इंटरफेसची रेंज वेगळी हवी.

दुसरी, आयपी आधी कागदावर ठरवा. उदाहरणार्थ राउटर १९२.१६८.१.१, स्विच १.२, प्रिंटर १.१०, कॅमेऱ्याचा एनव्हीआर १.२०. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवला की वापरायला २५४ अ‍ॅड्रेस मिळतात. राउटरची डीएचसीपी रेंज १०० ते २०० ठेवा. फिक्स आयपी या रेंजच्या बाहेरच हवेत, नाहीतर राउटर तोच आयपी एखाद्या मोबाइलला देईल आणि प्रिंटर अडकेल.

तिसरी, पेमेंट करण्याआधी स्विच बंद करून परत चालू करायला सांगा. सगळं जसंच्या तसं आलं तरच पैसे द्या. डीफॉल्ट पासवर्ड तिथेच बदलून घ्या आणि सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर मागा.

ट्रेनिंगला आलेले लोक विचारतात, "सर, हे आपलं काम आहे का?" कमांड टाइप करणं आपलं काम नाही, मान्य. पण हिशोब सीए करतो म्हणून आपण ताळेबंद बघायचा सोडतो का? तसंच आहे हे.

आज दुकान बंद करण्याआधी एवढंच करा. स्विचचा आयपी, गेटवे आणि पासवर्ड विचारून घ्या, वहीत लिहा आणि ती वही गल्ल्यासारखी कुलपात ठेवा.