पाण्यातला वाटाड्या

सेमिस्टर संपत आली की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच प्लॅन शिजायला लागतो. मालवण! पूर्वी गोवा असायचं, आता तारकर्ली आणि स्कूबा डायव्हिंग. कॉन्ट्री काढायची, रात्रीची एसटी पकडायची, सकाळी किनाऱ्यावर उतरायचं आणि मग सुरू होते घासाघीस. "दादा, दहा जण आहोत, स्टुडंट आहोत, किती कमी करणार?" जो सगळ्यात कमी सांगेल त्याची बोट आपली. बाजारात बांगडा घेतानासुद्धा घरची मंडळी कल्ले उघडून बघतात. पण ज्याच्या भरवशावर पाण्याखाली जायचं तो कोण, काय शिकलेला, किती वर्षं या पाण्यात उतरतोय, हे आपल्यातलं कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. स्कूबाचे पैसे आपण सिलिंडरला देत नाही, माशांना तर नाहीच नाही. देतो ते त्या पाण्याच्या माहीतगाराला. आणि नेमकी तिथेच काटकसर करणं म्हणजे गाडीला फॉगलॅम्प लावायचे आणि ब्रेक-शू बदलायला पैसे नाहीत म्हणायचं!

आता आपण इंजिनिअर लोक, म्हणून थोडा फंडा. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक अ‍ॅटमॉस्फिअर दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब दोन अ‍ॅटमॉस्फिअर, पृष्ठभागाच्या दुप्पट. बॉइलचा नियम अकरावीत पाठ केला होता, तो इथे छातीत घडतो. खाली रेग्युलेटरमधून फुफ्फुसं भरून घेतली, घाबरून श्वास रोखला आणि तसेच वर आलो, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुसं काही फुगा नाहीत. गंमत अशी की आकारमानातला सगळ्यात मोठा फरक शेवटच्या काही मीटरमध्येच पडतो, त्यामुळे "मालवणला कुठं एवढं खोल आहे?" या वाक्याला काही अर्थ नाही. नवख्या माणसाची पहिली प्रतिक्रिया काय असते? श्वास रोखणे आणि वर पळणे. पाठीमागे सिलिंडर धरून बसलेला हात नेमका ते होऊ देत नाही. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत, फीडबॅक लूप तोच आहे.

अजून एक. आपल्याला जमिनीवर अंगठा वर करून "मस्त!" म्हणायची सवय. पाण्यात त्या खुणेचा अर्थ "वर चला" असा होतो. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. बोटीवर दहा मिनिटं शांतपणे हे समजावून सांगणारा गाइड आणि "चला चला, पुढचा ग्रुप थांबलाय" म्हणणारा गाइड, यांच्या रेटमध्ये शंभर-दोनशेचा फरक असणारच.

इथे कुणी म्हणेल, मग बाहेरून एखादा सर्टिफिकेटवाला डायव्हर आणू, स्थानिकच कशाला? काय आहे ना, सर्टिफिकेट पाणी शिकवतं, हे पाणी शिकवत नाही. डायव्हिंग शिकवणाऱ्या पाडी या जगभर पसरलेल्या संस्थेच्या सुरक्षिततेच्या नियमांतच आहे, की जागा ओळखीची नसेल तर तिथल्या जाणकाराकडून आधी माहिती घ्या. म्हणजे शिकलेल्या डायव्हरलाही ते लागतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथला गाळ भरती-ओहोटीबरोबर कुठे सरकतो? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, तळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते त्यामानाने शांत. दुपारनंतर वारा उठला की सकाळचा आरशासारखा समुद्र ओळखू येत नाही. कुणाची जाळी कुठे लागली आहेत तेही बघावं लागतं. आणि खडक शोधायचा कसा? किनाऱ्यावरचं झाड आणि मागचं देऊळ एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूने अशीच दुसरी रेषा, दोन्ही छेदतात तिथे नांगर. सिव्हिलवाले हेच सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला रेंजिंग रॉड घेऊन करतात आणि तरी त्यांची रीडिंग चुकतात, असो!

हे ज्ञान नवीन नाही. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, तेव्हाही या खडकाळ पाण्यातून होडी नेणारे इथलेच दर्यावर्दी होते. सह्याद्रीत अनोळखी वाट असेल तर आपण गावातला वाटाड्या घेतो, त्याला पैसे देतो, त्याच्याकडे पिठलं-भाकरीही खातो. पाण्यात मात्र गुगलवर भरवसा!

तरी स्थानिक आहे म्हणून डोळे झाकून बसा, असं मी म्हणत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. म्हणजे पाण्याखालून सुखरूप वर आलो की संपलं, असंही नाही. जन्म किनाऱ्यावर झाला हे सर्टिफिकेट होत नाही. एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था तारकर्लीतच आहे. तेव्हा प्रशिक्षण कुठे घेतलं हे खुशाल विचारा. लाइफ जॅकेट मोजा, बोटीत माणसं किती बसवतायत ते बघा. नीट काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

पण खरी गोम पुढे आहे. चांगल्या गाइडचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे "नाही" म्हणणं. "आज पाणी बरा नाय, उद्या येवा." हे तो कधी म्हणू शकतो? एका दिवसाचा धंदा बुडाला तरी घर चालेल एवढं त्याच्या हातात पडत असेल तेव्हा. आपण भाव पाडायचा, मधल्या एजंटने कमिशन कापायचं, आणि उरलेल्या पैशांत त्याने आपल्या जिवासाठी धंदा सोडायचा, ही अपेक्षा कुठल्या हिशोबात बसते? बरं, तो नाही म्हणाला की आपण शेजारच्या बोटीकडे जातो. मग तो तरी उद्या कशाला नाही म्हणेल?

आणि ज्यांच्या घरात आधी फक्त होडी आणि जाळी होती, अशा घरांतली पोरंही आता या धंद्यात आहेत. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीविरुद्ध इथले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आलेत. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मासेमारीवर बंधनं येतील म्हणून विरोध झाला होता. कागदावरच्या अभयारण्याने प्रवाळ किती वाचतं यावर वाद घालता येईल. पण ज्याची चूल त्या प्रवाळावर पेटते, तो तुमचा हात खडकाकडे गेला की मनगट धरतो, हे नक्की. अर्थात आपण व्हिडिओत मासे जवळ यावेत म्हणून त्याला पाव टाकायला लावतो ती गोष्ट वेगळी.

तर येत्या डिसेंबरमध्ये जी विंग निघणार असेल तिने एवढं करावं. नेटवरच्या पॅकेजऐवजी थेट तिथल्या माणसाला आधी फोन लावावा. "किती कमी करणार?" च्या आधी "त्या दिवशी उधाण आहे का?" हे विचारावं, आणि हाताशी एक दिवस मोकळा ठेवून जावं. "आज नको" असं उत्तर आलं, तर मालवणात सोलकढी आहेच. बिल मेसच्या डिपॉझिटमधून कापून घ्या!