बावस्कर डॉक्टर, कर्जत-खालापूरकडूनही आभार

डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री २०२२ ला मिळाली. आपल्या रायगडावरचे त्यांचे उपकार मात्र फार जुने. १९७६ ला ते महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं डोळ्यांदेखत जायची. डॉक्टर खाटेशेजारी बसून नोंदी घेत राहिले. ब्लडप्रेशरची प्राझोसिनची गोळी यावर चालते हे त्यांनी दाखवलं, ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. आधी शंभरातले चाळीसेक दगावायचे, आता एखादा.

तोही वेळेत पोचला तर! आपल्या वाड्यांवर रात्री गाडी मिळत नाही, मग भगत जवळचा वाटतो. त्याला नावं ठेवून काय होणार?

आभार मानायचेत ना? मग आपल्या आरोग्य केंद्रात विचारून या, प्राझोसिन आहे का, रात्री डॉक्टर असतात का. उत्तर इथे लिहा.